क्रीडा व्यवस्थापनाची पदवी आणि मानद सचिवाची खुर्ची

प्रति,
महाराष्ट्रातील व्यवस्थापन महाविद्यालयांचे संचालक आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य



क्रीडा व्यवस्थापन हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय व्हावा, ही गरज पहिल्यांदा बोलून दाखवली ती एका संघमालकाने. ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे वॉल्टर ओ'मॅली यांनी 1957 मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहिले. स्टेडियम, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान किंवा एखाद्या संघाचे कार्यालय चालवायला शिकून तयार झालेला माणूस हवा असेल, तर तो कोठे शोधायचा, असा त्या पत्राचा रोख होता. तेव्हा तसे ठिकाण नव्हते. नऊ वर्षांनी, 1966 मध्ये, ओहायो विद्यापीठात क्रीडा प्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे बराच काळ असे अभ्यासक्रम मुख्यतः शारीरिक शिक्षण विभागांच्या आश्रयाने चालले. ते बिझनेस स्कूलच्या इमारतीत यायला 1993 उजाडले. ओरेगॉन विद्यापीठाच्या व्यवसाय महाविद्यालयात वॉर्सा क्रीडा विपणन केंद्र उघडले आणि खेळाकडे ताळेबंद, करार आणि बाजारपेठ यांच्या नजरेने पाहणारी शाखा रूढ झाली.

युरोपने वेगळी वाट धरली. 2000 पासून चालणारा 'फिफा मास्टर' हा अभ्यासक्रम तीन देशांत विभागलेला आहे: खेळाचा इतिहास आणि समाजशास्त्र इंग्लंडमधील लेस्टरला, व्यवस्थापन मिलानच्या बोकोनी विद्यापीठात आणि कायदा स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेलला. म्हणजे ज्या अभ्यासक्रमातून जागतिक फुटबॉलचे प्रशासक घडवायचे, त्यात व्यवस्थापनाचा वाटा एक तृतीयांश आहे. भारतातील अभ्यासक्रम आखताना ही विभागणी फारशी कुणी पाहिलेली दिसत नाही.

महाराष्ट्र या क्षेत्रात मागे नाही. कसोटी कारकिर्दीतील पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे डावखुरे फिरकीपटू नीलेश कुलकर्णी यांनी 2010 मध्ये मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स अँड मॅनेजमेंट ही संस्था सुरू केली. पुण्यात सिंबायोसिसची क्रीडा विज्ञानाची शाखा क्रीडा व्यवस्थापनातील एमबीए देते. राज्याबाहेर आयआयएम रोहतकने नोकरी करणाऱ्यांसाठी क्रीडा व्यवस्थापनाची पदविका आणली. राज्य सरकारने बालेवाडीत आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा 2020 मध्ये केला. जागा वाढत आहेत, जाहिराती वाढत आहेत. माहितीपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर मात्र अजून षटकार मारणारा फलंदाजच असतो. जो विद्यार्थी त्या चित्राकडे पाहून प्रवेश घेतो, त्याला पुढे कोणत्या खुर्चीत बसायचे आहे आणि ती खुर्ची कोणाच्या हातात आहे, हे त्या पुस्तिकेत क्वचितच सापडते.

भारतीय खेळाची बांधणी दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर फ्रँचायझी आहेत: लीगकडून परवाना घेतलेल्या, नफ्या-तोट्याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या. खालच्या मजल्यावर संघटना आहेत: तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीच्या, मतदानाने निवडून आलेल्या मानद पदाधिकाऱ्यांनी चालवलेल्या. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत खालचा मजला जवळजवळ नसतोच, कारण तिथे शाळा-महाविद्यालये खेळाडू तयार करतात आणि लीग ही संघमालकांचीच असते. ती पुस्तके जशीच्या तशी नेमल्यामुळे पदवीधराला वरच्या मजल्याचा नकाशा पाठ असतो आणि खालच्या मजल्याचे दार कोणत्या बाजूला आहे तेही माहीत नसते. निवड, संलग्नता, पंच, स्पर्धेच्या तारखा आणि खेळाडूचे 'ना हरकत' पत्र हे सारे खालच्याच मजल्यावर ठरते.

वरच्या मजल्याचे अर्थकारण समजायला सोपे आहे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रसारण हक्क 2022 मध्ये 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. लिलावात गृहीत धरलेल्या 410 सामन्यांनी भागल्यास एका सामन्यामागे सुमारे 118 कोटी पडतात. या रकमेचा मोठा हिस्सा मध्यवर्ती निधीतून संघांकडे येतो, मग संघ पहिला येवो वा शेवटचा. खेळाडूंवरचा खर्चही बांधलेला असतो. 2025 च्या हंगामापूर्वीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला 120 कोटींची मर्यादा होती. उत्पन्नाचा मोठा भाग ठरलेला आणि खर्चाचा मोठा भागही ठरलेला, अशा व्यवसायात संघाच्या व्यवस्थापकाच्या हाती उरते ते स्थानिक प्रायोजक, तिकीट, आदरातिथ्य कक्ष आणि चाहत्यांशी वर्षभर टिकणारे नाते. ते काम कमी नाही. पण 'संघ चालवणे' या शब्दांनी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्याहून ते खूप वेगळे आहे. लिलावाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या मोजक्याच असतात आणि त्यांवर बहुधा मालक व प्रशिक्षक बसलेले असतात.

त्या खुर्च्यांपर्यंत पोहोचलेले अधिकारी कुठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. कोलकाता नाइट रायडर्सचे सीईओ म्हणून नाव झालेले वेंकी मैसूर विमा व्यवसायातून आले. चेन्नई सुपर किंग्जचे कासी विश्वनाथन इंडिया सिमेंट्समध्ये अनेक वर्षे होते आणि तमिळनाडू क्रिकेट संघटनेचे सचिवपदही त्यांनी सांभाळले. आयपीएलच्या पहिल्या वर्षांत तिचे दैनंदिन कामकाज पाहणारे सुंदर रामन जाहिरात-माध्यम नियोजनातले. म्हणजे पहिल्या पिढीचे नेतृत्व क्रीडा व्यवस्थापनाच्या वर्गातून आलेले नाही. कुठल्या तरी दुसऱ्या धंद्यात पैसा, करार आणि माणसे हाताळून ते आले. विशेष पदवीचा उपयोग दारातून आत जायला होतो: स्पर्धेचे संयोजन, ओळखपत्रांची व्यवस्था, प्रायोजकांची सेवा, समाजमाध्यमे, खेळाडूंचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्था. वर चढायचे तर सर्वसाधारण व्यवस्थापनाचे भक्कम शिक्षण आणि खेळाबाहेरचा काही वर्षांचा अनुभव हीच वाट आजवर जास्त खात्रीची ठरली आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी थेट क्रीडा-एमबीएला येणाऱ्या मुलाला हे प्रवेशाआधी सांगणे, ही संस्थेची किमान जबाबदारी ठरते.

यातला सर्वांत बोलका दाखला मुंबईचाच आहे. भारतीय हॉकी संघाचे माजी कर्णधार आणि अथेन्स ऑलिम्पिक खेळलेले व्हिरेन रस्किन्हा यांनी 2008 मध्ये, अजून खेळायची वर्षे हाताशी असताना, निवृत्ती घेतली आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये एमबीए केले. त्यानंतर ते ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेत गेले. ती प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी 2001 मध्ये स्थापन केली होती. पुढे रस्किन्हा तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. लंडन 2012 मध्ये भारताने सहा पदके जिंकली. त्यांतील सायना नेहवाल, मेरी कोम, गगन नारंग आणि विजय कुमार या चौघांना या संस्थेचे पाठबळ होते. संस्थेचे काम ऐकायला साधे आहे: देणगीदारांकडून पैसा उभा करायचा आणि खेळाडूला लागेल ते वेळेवर पोहोचवायचे, मग ती काडतुसे असोत, फिजिओ असो वा परदेशातला सराव असो. त्यासाठी खेळाडूची गरज खेळाडूइतकीच ओळखता यावी लागते आणि कंपनीच्या संचालक मंडळापुढे त्या गरजेचा हिशेबही मांडता यावा लागतो. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात बसते. हे कलम किती क्रीडा-एमबीएंना तोंडपाठ आहे, कोण जाणे. एवढे मात्र दिसते की खेळाडूने बिझनेस स्कूलमध्ये जाणे हा मार्ग व्यवस्थापकाने खेळात येण्याच्या मार्गाहून अधिक फलदायी असू शकतो, आणि आपल्या संस्थांची प्रवेशप्रक्रिया राष्ट्रीय खेळाडूसाठी एखादी जागा राखण्यापलीकडे त्याचा विचार करत नाही. सरावापायी बीकॉमला दोनदा बसलेली मुलगी सीईटीच्या टक्क्यांत मागे पडणारच.

वर्गात शिकवायला परदेशी प्रकरणे आणायची गरज नाही; पुण्याजवळचे गहुंजे पुरेसे आहे. पुणे वॉरियर्स हा आयपीएल संघ सहारा समूहाने 2010 मध्ये 37 कोटी डॉलरच्या बोलीवर घेतला. बँक हमीवरून वाद झाला आणि 2013 नंतर तो संघ दिसला नाही. गहुंजेच्या स्टेडियमला सहाराप्रमुखांचे नाव मिळाले, पैसे अडकले, नाव उतरले. 2018 मध्ये थकीत कर्जापोटी बँकांनी त्याच स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. नामकरण हक्काच्या करारात सुरक्षा कशी बांधून घ्यावी, यावर याहून चांगला धडा लिहिता येणार नाही.

प्रायोजकाच्या ताळेबंदाकडे न पाहण्याची किंमत भारतीय संघाच्या जर्सीनेही चुकवली आहे. बायजूजकडून 158 कोटींची थकबाकी वसूल व्हावी म्हणून क्रिकेट मंडळ दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. त्यानंतर तीन वर्षांसाठी 358 कोटींना आलेले ड्रीम 11 ऑगस्ट 2025 मधील ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी येताच बाजूला झाले आणि अपोलो टायर्सची पाटी लागली. विपणनाचा प्राध्यापक 'ब्रँड मूल्य' शिकवतो. कोणता व्यवसाय उद्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, हे कोण शिकवते?

गहुंजेचे खरे प्रकरण पाण्याचे आहे. 2016 च्या दुष्काळात जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुंबईतला अंतिम सामना बंगळुरूला गेला आणि पुण्याच्या तेव्हाच्या नव्या संघाने विशाखापट्टणम गाठले. दोन वर्षांनी उलटे घडले. कावेरीच्या पाणीवाटपावरून चेन्नईत आंदोलन पेटले, चेपॉकच्या मैदानात बूट फेकले गेले आणि चेन्नईचे उरलेले घरचे सामने पुण्यात आले. काही दिवसांत प्रेक्षकांसाठी चेन्नईहून खास रेल्वेगाडी सोडावी लागली. त्याच सुमारास उच्च न्यायालयाने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला गहुंजेच्या खेळपट्टीसाठी पवना नदीचे पाणी घ्यायला मनाई केली. एकाच पंधरवड्यात दोन नद्या, दोन राज्ये, एक न्यायालय, पोलीस बंदोबस्त, तिकिटांचा परतावा आणि हजारभर पाहुणे. यातला कोणताही प्रश्न विपणनाच्या चौकटीत मावत नाही. सिंचन खात्याशी झालेला करार कशासाठी आहे, प्रक्रिया केलेले सांडपाणी मैदानाला किती दिवस पुरते, टँकर कोणाच्या नावावर येतो, हे ज्याला विचारता येते तो स्टेडियम चालवू शकतो. मुंबईत तर अख्खे स्टेडियम तिकिटांच्या वाटपावरून उभे राहिले: ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वादातून शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान बांधले गेले आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली.

आता खालचा मजला. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डी युरोपला दाखवली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीसाठी देशभर पायपीट केली आणि 1990 मध्ये हा खेळ बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोहोचला. या साऱ्यांत पगारी व्यवस्थापक कोणी नव्हता, कार्यकर्ते होते. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिला तयार खेळाडू, पंच आणि जाणकार प्रेक्षक मिळाले ते या बिनपगारी कामामुळे. लीगने त्यावर मॅट, प्रकाशयोजना आणि 'करो या मरो' चढाई चढवली. 2022 मध्ये बालेवाडीत सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोने सात खेळाडूंचा संघ आणि 'वझीर' आणला. खेळाचे रूप बदलून तो टीव्हीजोगा करणे हे उत्पादनाच्या रचनेचे काम आहे आणि ते बिझनेस स्कूलला शिकवता येते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या कर्णधारांना घडवणाऱ्या क्लबांचा हिशेब कोण लिहितो, याचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी एकच आहे: नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे मानद सचिव.

हा मानद सचिव जे काम करतो, ते क्रीडा-एमबीएच्या पाठ्यक्रमात सहसा सापडत नाही. राज्यातील बहुतेक संघटना संस्था नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. निवडणूक झाली की पदाधिकाऱ्यांच्या बदलाचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जातो. तो मंजूर होईपर्यंत जुने आणि नवे असे दोन गट एकमेकांना बेकायदा म्हणत राहतात. बँक खाते कोणाच्या सहीने चालवायचे, संलग्नता कोणाची, खेळाडूंचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे, सगळे अडते. नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असल्याने नुकसान थेट खेळाडूचे होते. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी ही कुस्ती स्पर्धा झाली आणि राज्याला दोन केसरी मिळाले. मानाची गदा दोघांच्या खांद्यावर असेल, तर प्रायोजकाने पैसे कोणत्या आखाड्यात लावायचे? कुस्तीत पैसा नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

पगारी व्यावसायिकाला या मजल्यावर बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते का अडखळले हे शिकवण्यासारखे आहे. लोढा समितीने 2016 च्या अहवालात क्रिकेट मंडळाचा रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे द्यावा असे सुचवले. त्याच वर्षी दूरचित्रवाणी व्यवसायातून आलेले राहुल जोहरी मंडळाचे पहिले सीईओ झाले आणि 2020 मध्ये पायउतार झाले. मंडळाचा अंतिम शब्द आजही सचिवाचाच मानला जातो. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने जानेवारी 2024 मध्ये राजस्थान रॉयल्सचे माजी सीईओ रघुराम अय्यर यांची नेमणूक जाहीर केली, तेव्हा कार्यकारिणीतील बहुसंख्य सदस्यांनी तिला मान्यता नाकारली. पगाराचा आकडा हे एक कारण होते. मान्यता मिळायला 2025 चा जुलै उजाडला. दीड वर्ष एक अनुभवी व्यवस्थापक खुर्चीत होता आणि नव्हताही. मानद पदाधिकाऱ्याला पगारी माणूस स्वतःचा मदतनीस वाटत नाही, वारसदार वाटतो; गाठ इथे आहे आणि संघटनशास्त्राच्या तासाला ती सोडवायला द्यायला हवी.

गोव्याचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. तिथे डेम्पो, साळगावकर यांसारखे फुटबॉल क्लब खाणमालक घराण्यांच्या पैशावर वर्षानुवर्षे उत्तम चालले. फ्रँचायझींच्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान मिळणार हे दिसताच डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. इंडियन सुपर लीग ज्या करारावर उभी होती तो 2010 मध्ये पंधरा वर्षांसाठी 700 कोटींना झाला होता. मुदत संपत आली आणि नूतनीकरण होईना, तेव्हा जुलै 2025 मध्ये नवा हंगामच स्थगित झाला. खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी सगळे लटकले. संपूर्ण व्यवसाय एका करारावर टांगला की काय होते, याचे हे ताजे उदाहरण.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. संघटनांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद ऐकणारे क्रीडा न्यायाधिकरण त्यात आहे. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. संघटनांना लेखापरीक्षण, निवडणूक, खेळाडूंचे प्रतिनिधित्व आणि तक्रारनिवारण कागदोपत्री दाखवावे लागेल, आणि ते दाखवणारा माणूस मानद असून भागणार नाही. पुढच्या दहा वर्षांत नेतृत्वाच्या जागा निघाल्या तर त्या इथे निघतील. फ्रँचायझींची संख्या काही दुपटीने वाढणार नाही.

म्हणून आपल्या अभ्यास मंडळांकडे मागणी अशी आहे. क्रीडा-एमबीएच्या दुसऱ्या वर्षातील आंतरवासितेचा निम्मा काळ जिल्हा किंवा राज्य संघटनेत सक्तीचा करावा आणि त्याचे विद्यावेतन संस्थेने द्यावे, कारण संघटना देऊ शकणार नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, नवा क्रीडा प्रशासन कायदा आणि कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाचे कलम हे तीन विषय अनिवार्य करावेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्याला तिकीट काढून गर्दी करणारा प्रेक्षक आहे. त्या फुटबॉलचा एक नीट आर्थिक अभ्यास एखाद्या महाविद्यालयाने या वर्षीच हाती घ्यावा. निवृत्त राष्ट्रीय खेळाडूंसाठी सीईटीच्या गुणांऐवजी मुलाखत आणि पूर्वतयारी वर्गावर आधारलेली प्रवेशाची वेगळी वाट उघडावी. आणि पुढच्या माहितीपुस्तिकेत मागच्या तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर, किती पगारावर आणि किती महिन्यांच्या करारावर आहेत, ते छापावे. विद्यार्थी आणि पालक फी भरण्याआधी तेवढेच पान वाचतील.

कळावे.